भित्यापाठी ब्रह्मराक्षस, पण तो येतो कुठून?

(आमच्या सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

कामं आटोपली असतील तर निवांत बसून ऐका, आटोपली नसतील तर हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

आपल्याकडे एक म्हण आहे, 'मन चिंती ते वैरी न चिंती'. दुसरी आहे, 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस'. दोन्ही म्हणी आपण सहज वापरतो. मुलाला यायला उशीर झाला की नको नको ते डोळ्यांसमोर येतं, तेव्हा शेजारीण म्हणते, अगं, मन चिंती ते वैरी न चिंती. म्हणजे आपल्या मनाने उभं केलेलं भय हे मनातलंच असतं, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतं.

पण जगात अशीही माणसं होऊन गेली, ज्यांनी ही म्हण अक्षरशः खरी मानली. त्यांचं म्हणणं असं, की विचार नुसता डोक्यात राहत नाही. त्याला आकार असतो, रंग असतो. एकाच गोष्टीवर मन फार वेळ लावलं, किंवा पुष्कळ जणांनी मिळून एकच गोष्ट मानली, तर तो विचार वेगळा उभा राहतो आणि आपल्या मनाने वागू लागतो. गूढविद्येच्या पुस्तकांत याला विचाररूप म्हणतात. आज आपण या विचाररूपाची गोष्ट बघू. ते कुणी सांगितलं, कुणाला काय अनुभव आला, त्यातलं तपासून काय हाती लागलं, आणि आपल्या घरात, गावात त्याचा काय संबंध. गंमत म्हणजे या गोष्टीतली मुख्य माणसं बहुतेक बायकाच आहेत.

सुरुवात करू ॲनी बेझंट यांच्यापासून. हे नाव तुम्ही शाळेत इतिहासाच्या पुस्तकात वाचलंय. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी होमरूल लीग काढली, त्याच वर्षी बेझंटबाईंनीही आपली होमरूल लीग काढली. १९१७ साली त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या, काँग्रेसच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. पण राजकारणात पडण्याआधीपासून त्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या पुढारी होत्या. ही सोसायटी १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये निघाली. तिच्या संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट हे १८७९ साली मुंबईत आले आणि जवळजवळ चार वर्षं मुंबईत राहिले. 'द थिऑसॉफिस्ट' हे त्यांचं मासिकही १८७९ साली मुंबईतूनच सुरू झालं. पुढे १८८२ च्या अखेरीस त्यांनी आपलं ठाणं मद्रासजवळ अड्यारला हलवलं. म्हणजे या विचाराची वाट आपल्या मुंबईवरून गेलेली आहे.

बेझंटबाई आणि त्यांचे सहकारी चार्ल्स लेडबीटर यांनी मिळून 'थॉट-फॉर्म्स' नावाचं एक पुस्तक लिहिलं, ते १९०५ साली आलं. त्यांचा दावा होता की दिव्यदृष्टी असलेल्या माणसाला दुसऱ्याचे विचार दिसतात. त्यांनी सांगितलं तसं चित्रकारांनी काढलं आणि ती रंगीत चित्रं पुस्तकात छापली. त्यांनी तीन नियम दिले आहेत. विचार कोणत्या गुणाचा आहे, त्यावर त्याचा रंग ठरतो. विचार कशाबद्दल आहे, त्यावर त्याचा आकार ठरतो. आणि विचार किती पक्का आहे, त्यावर त्या आकाराच्या कडा ठळक की पुसट, हे ठरतं. माया असेल तर गुलाबी, संताप असेल तर लाल, भक्ती असेल तर निळा, बुद्धीचं काम चालू असेल तर पिवळा, भीती असेल तर राखाडी. रागाचं चित्र वीज चमकल्यासारखं टोकदार. हाव असलेल्या विचाराचं चित्र आकडीसारखं वळलेलं, ओरबाडून घेणारं.

ही चित्रं आजही बघायला छान वाटतात. अमूर्त चित्रकलेतला मोठा रशियन चित्रकार कांडिन्स्की यानेही हे पुस्तक वाचलं होतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ती दिव्यदृष्टी कुणी तपासून पाहता येईल अशी नव्हती. दोघांनी पाहिलं म्हणून सांगितलं, तिसऱ्याने कागदावर उतरवलं. त्यातला बोध मात्र साधा होता. आपण ज्याच्याबद्दल जो विचार करतो, तो त्याच्यापर्यंत पोहोचतो, म्हणून विचार जपून करा. बेझंटबाईंच्या दृष्टीने हे नीतीचं शिक्षण होतं.

आता दुसरी बाई. अलेक्झांड्रा डेव्हिड-नील. फ्रान्समध्ये १८६८ साली जन्मल्या आणि १९६९ साली गेल्या, म्हणजे शंभरी पार केली. तरुणपणी त्याही थिऑसॉफिकल सोसायटीत होत्या. पुढे हिमालयात राहून त्यांनी तिबेटी भाषा आणि बौद्ध धर्माचा अभ्यास केला. १९२४ साली, पंचावन्नच्या वयात, चेहऱ्याला काजळी फासून, तिबेटी यात्रेकरू बाईच्या वेषात त्या ल्हासाला पोहोचल्या, तेव्हा परदेशी माणसांना तिथे बंदी होती. १९२९ साली त्यांनी तिबेटमधल्या साधक आणि मांत्रिकांवर पुस्तक लिहिलं. त्यातली एक हकीकत फार गाजली.

त्यांनी ठरवलं, मनाच्या बळावर एक माणूस उभा करून बघायचा. भव्य देवता नको, कारण तशी चित्रं रोज आजूबाजूला दिसतात. म्हणून त्यांनी निवडला एक बुटका, गुबगुबीत, भोळा आणि आनंदी भिक्षू. एकांतात बसून त्याचं ध्यान केलं. काही महिन्यांनी तो त्यांना दिसू लागला, घरात राहणाऱ्या पाहुण्यासारखा. मग त्या प्रवासाला निघाल्या तर तोही बरोबर. त्या आठवण काढत नसल्या तरी तो दिसे. कधी त्याच्या कपड्याचा स्पर्श झाल्यासारखं वाटे. आणि हळूहळू तो बदलू लागला. गोल गाल बसले, चेहऱ्यावर कुत्सित, लबाड भाव आला. एकदा लोणी घेऊन आलेल्या गुराख्याने म्हणे त्याला तंबूत पाहिलं आणि खराच लामा समजला. शेवटी बाईंनी ठरवलं, याला घालवायचं. त्यासाठी त्यांना सहा महिने झगडावं लागलं.

ही हकीकत सांगून झाल्यावर बाईंनी स्वतःच लिहिलंय, की मी माझाच भास तयार केला असेल, यात नवल नाही. हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी या आकृतीला 'तुल्पा' हा तिबेटी शब्द वापरला. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं, की बौद्ध धर्मात त्या शब्दाचा रोख वेगळा आहे. बुद्ध किंवा बोधिसत्त्व लोकांच्या कल्याणासाठी देह धारण करतात, संस्कृतमध्ये ज्याला निर्माणकाय म्हणतात, त्या कल्पनेशी तो जोडलेला आहे. घडवणाऱ्याच्या हातून निसटणारं विचाररूप हे त्यावर चढलेलं पाश्चात्त्य गूढविद्येचं कलम आहे.

तिसरी बाई इंग्लंडची. लिहिताना ती डायन फॉर्च्यून हे नाव घ्यायची. १९३० साली तिने मानसिक हल्ल्यांपासून बचाव कसा करावा यावर पुस्तक लिहिलं, त्यात स्वतःचा अनुभव दिला आहे. कुणीतरी तिला फार दुखावलं होतं. दुपारी पलंगावर पडल्या पडल्या ती सूड कसा घ्यावा याच विचारात होती. डोळा लागतोय न लागतोय, तेवढ्यात तिला उत्तर युरोपच्या पुराणातला भयंकर लांडगा आठवला. आणि तिला वाटलं, आपल्या अंगातून काहीतरी बाहेर ओढलं जातंय, आणि शेजारी एक मोठा राखाडी लांडगा अंग टेकून पडलाय. तिने कोपराने ढोसून त्याला पलंगावरून उतरवलं. मग घरातल्या दुसऱ्या माणसालाही लांडग्याची स्वप्नं पडली. ती आपल्या गुरूकडे गेली. गुरूने सांगितलं, सूड सोड, तेव्हाच तो तुझ्यात परत जाईल. तिने सूड सोडला.

आता या गोष्टीतला लांडगा खरा की भास, हा वाद बाजूला ठेवा. अर्धवट झोपेत असताना खोलीत कुणीतरी आहे, अंगावर कुणी बसलंय, असं वाटणं ही पुष्कळ लोकांना येणारी गोष्ट आहे. मेंदू पुरता जागा झालेला नसतो आणि स्वप्न उघड्या डोळ्यांपुढे चालू राहतं. पण गुरूने दिलेला उपाय बघा. त्याने धूप सांगितला नाही, ताईत सांगितला नाही. मनातला डंख काढ म्हणाला. कुणावर दात धरून बसलं की पहिलं आपलंच घर बिघडतं, हे आपणही अनुभवलेलं असतं.

इथवर एकेका बाईचा अनुभव झाला. आता घोळक्याकडे येऊ. गूढविद्येत एक शब्द आहे, 'एग्रेगोर'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जागता पहारा देणारे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच गूढवादी एलिफास लेव्ही याने तो वापरला, आणि नंतरच्या लोकांनी त्याला असा अर्थ दिला, की माणसांचा एक गट एकाच श्रद्धेने, एकाच खुणा आणि एकाच विधीने वारंवार एकत्र आला, की त्या गटाची मिळून एक शक्ती तयार होते. ती एकेकट्या माणसापेक्षा मोठी असते आणि उलट त्या माणसांनाच चालवते.

मजा अशी, की याच्याशी मिळतीजुळती गोष्ट गूढविद्येशी काही संबंध नसलेल्या एका समाजशास्त्रज्ञानेही सांगितली. एमिल दुर्खेम हा फ्रेंच अभ्यासक. १९१२ सालच्या आपल्या ग्रंथात तो म्हणतो, की माणसं एकत्र जमून गातात, नाचतात, तेव्हा त्यांना आपल्यापेक्षा मोठी शक्ती जाणवते. ती जाणीव खोटी नसते. फक्त ती येते त्या जमलेल्या माणसांमधूनच. आपल्याला हे नवं नाही. दिंडीत चालताना एरवी दोन मैलांत थकणारी बाई पंधरा मैल चालते. आरतीला शंभर जणांच्या टाळ्या एका ठेक्यात पडल्या की अंगावर काटा येतो. ते बळ खरंच असतं आणि ते आपण एकमेकींना दिलेलं असतं.

मग प्रश्न उरतो, हे गटाचं बळ मुद्दाम, ठरवून उभं करता येईल का? हे कॅनडातल्या टोरंटो शहरात काही लोकांनी करून पाहिलं. १९७२ साल. गटात आठ माणसं. त्यांना वाट दाखवणारे जॉर्ज ओवेन आणि त्यांच्या पत्नी आयरिस ओवेन. यांनी ठरवलं, आपण एक भूत तयार करायचं. कुणी मेलेलं माणूस नाही, संपूर्ण बनावट. त्याचं नाव ठेवलं फिलिप. सतराव्या शतकातला इंग्लंडचा सरदार. त्याची बायको थंड स्वभावाची. त्याचं एका भटक्या जमातीतल्या मुलीवर प्रेम बसतं. बायको त्या मुलीवर चेटकीण असल्याचा आळ घेते, फिलिप घाबरून गप्प बसतो, मुलीला जिवंत जाळतात, आणि पश्चात्तापाने फिलिप गढीवरून उडी मारून जीव देतो. कादंबरीला शोभेल अशी कथा. तिच्यात त्यांनी मुद्दाम इतिहासाच्या चुकाही ठेवल्या, म्हणजे हा खराच कुणी होता असं म्हणायला जागा नको.

वर्षभर ही मंडळी फिलिपचं ध्यान करत बसली. काही झालं नाही. मग त्यांनी पद्धत बदलली. गंभीरपणा सोडला, टेबलाभोवती बसून गाणी म्हणायची, चेष्टामस्करी करायची, जुन्या काळी भुतं बोलवायला बसत तसं बसायचं. आणि १९७३ मध्ये टेबलातून टकटक येऊ लागली. एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. फिलिप आपली माहिती सांगू लागला. टेबल सरकू लागलं, तिरकं होऊ लागलं. आयरिस ओवेन यांनी यावर १९७६ साली एका सहलेखिकेबरोबर पुस्तक लिहिलं.

यातल्या दोन गोष्टी नीट ऐका. पहिली, फिलिपने जी उत्तरं दिली ती त्या गटाला जे माहीत होतं तेवढीच होती. गटाला ठाऊक नसलेलं त्यालाही ठाऊक नव्हतं. दुसरी, एकदा गटातल्या कुणीतरी त्याला सरळ म्हटलं, अरे, तुला तर आम्हीच बनवलंय. तशी टकटक बंद झाली, आणि मंडळींनी पुन्हा मनापासून त्याला मानायला सुरुवात केल्यावर परत आली, असं ती सांगतात. हा प्रयोग कडक तपासणीखाली झालेला नव्हता, त्यामुळे त्यातून भूत बनवता येतं असं कुणी सिद्ध केलं म्हणता येत नाही. पण एवढं नक्की कळलं, की टेबल हलायला मेलेला माणूस लागत नाही. आठ जिवंत माणसं पुरतात.

टेबल हलतं कसं, याचं उत्तर तर त्याच्याही सुमारे एकशेवीस वर्षं आधी मिळालेलं होतं. १८५३ साली इंग्लंडात टेबल फिरवण्याचं वेड घरोघर शिरलं होतं. मायकेल फॅरडे, ज्याच्या शोधावर आपल्या घरात वीज पुरवणारी जनित्रं चालतात, त्याने साधी युक्ती केली. टेबल आणि हात यांच्यामध्ये त्याने पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवले, मध्ये मऊ चिकट पदार्थ लावला. टेबलाने हात ओढले असते तर खालचे तुकडे आधी सरकले असते. प्रत्यक्षात हाताखालचे, म्हणजे वरचे तुकडे जास्त सरकले. म्हणजे हात टेबलाला ढकलत होते. मग त्याने हात हलला की हलणारी एक काडी बसवली. आपला हात हलतोय हे लोकांना डोळ्यांनी दिसायला लागलं, आणि टेबल थांबलं. ही माणसं लबाड नव्हती. आपण ढकलतोय हे त्यांना खरोखर कळत नव्हतं. मनात हालचालीची कल्पना आली की स्नायू आपसूक थोडे हलतात, याला विल्यम कारपेंटर नावाच्या डॉक्टरने १८५२ सालीच नाव दिलं होतं. आपण त्याला कल्पनेने होणारी हालचाल म्हणू.

हे तुम्ही आज रात्री घरी करून बघू शकता. वीतभर दोऱ्याला अंगठी नाहीतर बटण बांधा. कागदावर अधिकचं चिन्ह काढा. कोपर टेबलावर टेकवून दोरा चिमटीत धरा, अंगठी त्या चिन्हाच्या मधोमध राहू द्या. हात अजिबात हलवायचा नाही. मनात फक्त म्हणत राहा, पुढे-मागे, पुढे-मागे. थोड्या वेळाने बहुतेकींची अंगठी पुढे-मागे झुलू लागेल. मग मनात डावी-उजवी म्हणा, ती दिशा बदलेल. आता डोळे बांधा आणि दुसरीला बघायला सांगा. झोका मंदावेल, भरकटेल. साबण तयार होताना चरबीचं काय होतं हे उलगडणारे फ्रेंच शास्त्रज्ञ शेव्रल यांनी हे १८३३ सालीच लिहून ठेवलं आहे. ही अंगठी धरून कुणी तुमच्या पोटावर मुलगा की मुलगी सांगायला आली, तर उत्तर तिच्या मनातूनच येतंय हे ओळखा.

प्लँचेटचं तेच. आपल्याकडे वसतिगृहातल्या मुली परीक्षा संपल्यावर रात्री दिवा मंद करून बसतात. कागदावर अक्षरं, मध्ये उपडी वाटी नाहीतर नाणं, त्यावर तिघी-चौघींची बोटं. वाटी सरकते. प्रत्येकीला वाटतं, मी तर ढकलत नाही, दुसरीही ढकलत नाही. मग कोण? चौघींचं थोडं थोडं मिळून वाटीला जोर मिळतो, आणि तो जोर कुणाच्याच नावावर नसतो. म्हणून तो तिसऱ्याच कुणाचा वाटतो. गूढविद्येतल्या माणसांनी ज्याला गटाचं विचाररूप म्हटलं, ते इथे आपल्या डोळ्यांसमोर तयार होताना दिसतं. खात्री करायची असेल तर सगळ्यांचे डोळे बांधा आणि अक्षरांचा कागद न सांगता फिरवून ठेवा. वाटी सरकेल, पण उत्तराला अर्थ उरणार नाही. आत्म्याला अक्षरं वाचायला तुमचेच डोळे लागतात.

हे हसण्यावारी नेऊ नका, कारण त्यानंतरची भीती खरी असते. वाटीने सांगितलं, तुझी आई वर्षभरात जाणार. मुलगी हे कुणाला सांगत नाही. झोप उडते, जेवण तुटतं. अशी मुलगी घरी आली तर तिच्यावर ओरडू नका, 'कशाला असले धंदे केलेस' म्हणू नका, आणि उतारा काढायलाही धावू नका. उतारा काढला की तुम्ही त्या भीतीवर शिक्का मारता. तिच्याबरोबर बसून अंगठीचा प्रयोग करा. तिला स्वतःच्या हाताने कळू द्या, की वाटीत बोललं ते चौघींचं मन होतं, आणि त्या मनात तुझी काळजी होती.

आता एकट्या बाईच्या अनुभवाबद्दल एक फार महत्त्वाची गोष्ट. नवरा गेल्यावर कित्येक जणी सांगतात, दारात पावलं वाजल्यासारखी वाटतात, हाक ऐकू येते, कॉटवर शेजारी कुणीतरी आहे असं वाटतं. काही जणी हे कुणालाच सांगत नाहीत, कारण लोक एक तर वेडी म्हणतील, नाहीतर 'त्यांचा जीव अडकलाय, शांती करा' म्हणून हजारोंचा खर्च काढतील. वेल्समध्ये ड्युवी रीस नावाच्या डॉक्टरने जोडीदार गमावलेल्या २९३ स्त्री-पुरुषांशी बोलून १९७१ साली एका वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेल्या माणसाचा असा भास झाला होता. बहुतेकांनी तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. आणि त्यातल्या पुष्कळांना त्याने भीती वाटण्याऐवजी आधारच वाटला होता. तीस-चाळीस वर्षं ज्या पावलांची कानाला सवय आहे, ती पावलं मन एकदम विसरत नाही. हा आजार नाही, बाधाही नाही. आपल्या गल्लीत अशी कुणी असेल तर तिचं ऐकून घ्या.

आवाज सतत येतात, ते शिव्या देतात, स्वतःचं किंवा दुसऱ्याचं बरंवाईट करायला सांगतात, झोप पार उडाली आहे, कामधाम सुटलं आहे, असं असेल तर मात्र मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका. १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, फोन मोफत आहे.

शेवटी सगळ्यात जड मुद्दा. फिलिप बनावट होता, म्हणून त्याच्यावर कुणी दगड मारले नाहीत. पण गटाच्या मनातलं भय एखाद्या जिवंत माणसावर जाऊन बसलं, तर काय होतं? त्या कथेतल्या भटक्या मुलीचं जे झालं, तेच. गावात दोन मुलं आजारी पडतात, एक म्हैस दगावते. कुणीतरी म्हणतं, अमकीची नजर वाईट आहे. दुसरीला आठवतं, ती परवा आमच्या दारावरून गेली होती. तिसरी म्हणते, तिच्या अंगणात लिंबू दिसलं. पराचा कावळा होतो आणि महिनाभरात गावाच्या डोक्यात एक डाकीण तयार होते. चेहरा तेवढा एका जित्याजागत्या बाईचा असतो. बहुतेक वेळा ती एकटी असते, विधवा असते, नाहीतर तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. ती काहीही बोलली तरी पुरावा ठरतो. गप्प बसली तरी पुरावा.

आणि हे फक्त जुन्या समजुतींपुरतं नाही. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवड्याच्या बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशा अफवा मोबाइलवरून कित्येक दिवस फिरत होत्या. त्या दिवशी मंगळवेढ्याकडचे, भिक्षुकी करून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकलं. त्यांनी कुणाचं मूल पळवलेलं नव्हतं. टोळी लोकांच्या मनात आधीच तयार होती, तिला फक्त चेहरे हवे होते. त्या मोबाइलवर मेसेज पुढे पाठवणाऱ्यांमध्ये आयाही असणार. मुलांच्या काळजीनेच पाठवला असणार. म्हणूनच हे आपल्याला सांगायचं.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी कित्येक वर्षं घालवली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, तिच्यामुळे रोगराई येते, गुरं मरतात असं सांगून तिचं जगणं मुश्कील करणं हा या कायद्याने गुन्हा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, बांधून ठेवणं, चटके देणं हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. देवाची पूजा, वारी, भजन, कीर्तन याला हा कायदा हात लावत नाही.

पण पोलीस येईपर्यंत वेळ जातो. तोवर गटाचं मन फिरवायचं काम आपलंच. फिलिपची गोष्ट इथे उपयोगी पडते. आठातल्या एकाने 'हे आपणच बनवलंय' असं मोठ्याने म्हटलं आणि टकटक थांबली. नळावर, भिशीत, बचत गटात एखादीचं नाव असं निघालं, की एकीने तरी तिथल्या तिथे विचारायचं, "तुम्ही स्वतः काय पाहिलंत? मूल आजारी आहे तर दवाखान्यात नेलं का? म्हैस कशाने गेली ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं का?" प्रश्न शांतपणे विचारायचा, वाद घालायचा नाही. त्याच संध्याकाळी त्या बाईच्या ओट्यावर चारचौघींच्या देखत जाऊन बसायचं, तिच्या हातचा चहा प्यायचा. गावाला जे दिसतं ते गाव मानतं. आणि प्रकरण हाताबाहेर जातंय असं वाटलं तर ११२ ला फोन करायचा. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्यांचा, पाणी विषारी झाल्याचा मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी पोलीस पाटलांना नाहीतर ठाण्यात विचारायचं. पुढे पाठवलेला प्रत्येक मेसेज हे वाटीवर ठेवलेलं एक बोट असतं.

विचाराला गुलाबी-निळा रंग असतो की नाही, ते बेझंटबाई जाणोत. पण पुष्कळ जणींनी मिळून केलेला विचार दिंडीत थकलेलीला चालवतो आणि गल्लीत एकटीला जिणं नकोसं करतो, हे दोन्ही आपण पाहिलंय. आपलं बोट कुठल्या वाटीवर ठेवायचं, हे आपल्या हातात आहे.

अंगठीचा प्रयोग करून बघा आणि काय झालं ते केंद्रावर कळवा. घरातल्या मुलींना तर नक्की दाखवा. येते मी. नमस्कार.